वाफेच्या गाड्या आणि चाकणचा भुईकोट



गळीत हंगाम आटोपला, मशिनरीच्या खोलाखोलीला चार दिवस अवकाश होता. तेवढ्यात बॉयलर व मिल विभागातील कामगार, दोन चिटबॉय आणि काही सभासद असे आम्ही पंचवीसजण शनिवार-रविवारची सहल करून आलो.

चाकण म्हटले की आपल्याला कांदा-बटाट्याचा बाजार आठवतो, पोरांना मोटारींचे कारखाने. पण गावातच संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला आहे. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो मूठभर मावळ्यांनिशी सुमारे पावणेदोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे खानाचे लोक आत शिरले. खानाने चाकरी देऊ केली, ती फिरंगोजींनी नाकारली. आज थोडी तटबंदी तेवढी उरली आहे. ट्रकच्या रांगेत आमची गाडी तासभर अडकली होती, तो राग तिथे उभे राहिल्यावर निवला.

चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेतले, तिथेच मुक्काम केला. रविवारी चिंचवड स्टेशनवरून लोकल धरली. हा लोहमार्ग १८५८ सालचा. त्या साली गाडी पुण्याहून खंडाळ्यापर्यंतच जाई. पुढे घाट उतरायचा तो पालखीत, नाहीतर तट्टावर! बोरघाटाचा रस्ता १८६३ साली रेल्वेला खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा तिथला चढ, आणि तो वाफेवर चढायचा.

कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. छोट्याशा गावातून गाड्या धावू लागल्या, सिग्नल पडू लागले, आणि पोरांपेक्षा आमचे फिटरच काचेला नाक लावून! निवृत्त बॉयलर अटेंडंट आबा वाफेच्या इंजिनापाशी थांबले ते हलेचनात. "हितं कोळसा, आपल्याकडं भुसा. बाकी पाणी, आग आन् प्रेशर तेच की रं," म्हणाले. सिलिंडरात वाफ कशी शिरते, दट्ट्या कसा ढकलते, चाक कसे फिरते, हे त्यांनी चिटबॉयांना हाताने हवेत काढून दाखवले. शाळेत इतके नीट कुणी शिकवले नव्हते, असे एकजण बोलून गेला.

परतीच्या वाटेवर आबा गप्पच होते. मग हळूच म्हणाले, "आपलं जुनं इंजिन गोदामामागं गंजतंय, ठाव हाय ना?" पहिल्या हंगामात मिल ज्यावर फिरली, ते वाफेचे इंजिन. मोटारी आल्या, ते बाजूला पडले. यंदा भंगाराच्या लिलावाच्या यादीत त्याचेही नाव आहे. वजनावर जे काय पैसे येतील ते येतील; पण ज्यांनी पहिली मोळी टाकताना ते सुरू झालेले पाहिले, असे सभासद आता आठ-दहाच राहिलेत.

इंजिन विकू नये, रंग देऊन गेटजवळ ओट्यावर बसवावे, असा अर्ज आम्ही संचालक मंडळाकडे देत आहोत. रंगाचे व मजुरीचे काम मिल विभाग फुकट करील. अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्यात. ज्यांना करावयाची असेल त्यांनी लिलावाच्या आत टाइम ऑफिसात यावे. आबा सकाळी आठपासून तिथेच बसलेले असतात.