रंगाची साक्ष

घाटंजी किंवा झरी जामणीच्या शिवारात पऱ्हाटीचा खुंट पायात शिरून जखम चिघळली आणि रुग्ण यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाला, की त्याच्या पुवाचा नमुना सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे रवाना होतो. आणि तेथे त्याची जी चौकशी चालते, तिचा शिरस्ता एखाद्या मुरलेल्या तहसीलदाराच्या दफ्तराला शोभावा असा असतो: आधी कूळ, मग घराणे, अखेरीस नाव.

कुळाचा निवाडा डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या रंजनविधीने होतो. काचपट्टीवरचा लेप वाळवून आचेवरून फिरवावा, त्यावर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट व पाठोपाठ आयोडिन ओतावे, मद्यार्काने काही क्षणच धुवावे आणि शेवटी तांबूस सॅफ्रॅनिन द्यावे. जाड भित्तिकेचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भित्तिकेचे तो गमावून गुलाबी होतात; मद्यार्क अंमळ जास्त रेंगाळला, तर मात्र जांभळेही गुलाबी दिसून निकाल फसतो.

जांभळ्या गोलाणूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच बुडबुडे फसफसले तर ते स्टॅफिलोकोकस, न फसफसले तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस; पुढे सशाच्या रक्तद्रवात गुठळी धरली, की ‘ऑरियस’ हे नावही निश्चित होते. गुलाबी दंडाणूंची परीक्षा मॅकॉन्की माध्यमावर होते: दुग्धशर्करा आंबवणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती तेथे गुलाबी उमटतात, विषमज्वराच्या साल्मोनेलाच्या फिक्या राहतात. या वसाहती वाढण्यास रात्र जावी लागते. रंजन मात्र काही मिनिटांत आटोपते, आणि पहिले औषध पुष्कळदा त्या अपुऱ्या ओळखीवरच सुरू करावे लागते.

क्षय व कुष्ठ यांच्या मेणचट जंतूंपुढे ग्रामचा उपाय चालत नाही. तेथे झील-नील्सन पद्धतीने कार्बोल फुक्सिन तापवून मुरवतात आणि क्षयाचा बेडका २० टक्के, तर कुष्ठाचा लेप ५ टक्के गंधकाम्लाने धुतात. तरीही निळ्या पार्श्वभूमीवर तांबडे दंड टिकून राहतात. हान्सेन यांनी १८७३ साली पाहिलेला कुष्ठाचा जंतू आजवर कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. त्यामुळे कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन घेतलेल्या लेपाची साक्ष येथे विशेष मोलाची ठरते. त्यात एकही तांबडा दंड आढळला, तर औषधाची मुदत सहा महिन्यांऐवजी बारा महिन्यांची होते.