आपले शरीर हे एंजिन आहे का?

कडकडून भूक लागली की ‘पोटात आग पडली’ असे आपण म्हणतो. जठराग्नी हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. मग वाफेच्या एंजिनात कोळसा जळतो आणि त्या उष्णतेवर चाके फिरतात, तसेच अन्न जळून त्या उष्णतेवर आपले हातपाय चालत असतील काय? नुसता तर्क करण्यापेक्षा गणित करून पाहू.

उष्णतेवर चालणाऱ्या एंजिनाच्या कार्यक्षमतेला एक कमाल मर्यादा असते आणि ती उष्ण व थंड बाजूंच्या तापमानांवरून ठरते, हा विचार फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ साली मांडला. आज आपण ती मर्यादा अशी काढतो: दोन्ही तापमाने केल्विनमध्ये घ्यायची आणि त्यांतील फरकाला उष्ण बाजूच्या तापमानाने भागायचे.

आपल्या शरीराचे तापमान ३७° से., म्हणजे ३१० केल्विन. बाहेरची हवा २७° से., म्हणजे ३०० केल्विन धरू. फरक १०. १० भागिले ३१० म्हणजे जेमतेम ३ टक्के! प्रत्यक्षात सायकल चालवताना आपले स्नायू २० ते २५ टक्के कार्यक्षमतेने काम करतात. उष्णतेच्या एंजिनाला २५ टक्के गाठायचे तर त्याची उष्ण बाजू ४०० केल्विन, म्हणजे १२७° से. हवी. एवढ्या तापमानाला रक्त उकळेल!

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. आपले शरीर उष्णतेचे एंजिन नाही.

मग ते चालते कशावर? पेशी अन्नातील रासायनिक ऊर्जेची आधी उष्णता करीत नाही. ती ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण एकदम न करता अनेक लहान पायऱ्यांनी करते. सुटलेल्या ऊर्जेतून तंतुकणिकेच्या आतील पटलापलीकडे प्रोटॉन साठवले जातात. कोयनेच्या धरणातले पाणी जसे जनित्र फिरवते, तसे हे प्रोटॉन परत येताना एक इवलेसे विकर फिरवतात आणि त्यातून एटीपी हे संयुग तयार होते. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. तिच्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एटीपीतील ऊर्जा स्नायू थेट वापरतात. म्हणूनच कार्नोची मर्यादा येथे लागू पडत नाही.

पण ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमातून सुटका नाही. प्रत्येक पायरीवर काही ऊर्जा उष्णता होऊन निसटतेच. ही उष्णता शरीराला ऊब देते. मात्र जास्तीची उष्णता बाहेर टाकणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा मजूर तासभर ७५ वॅट दराने खोदकाम करतो आहे. कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर दर सेकंदाला २२५ जूल उष्णता निर्माण होते. तासाला झाली ८,१०,००० जूल. त्याच्या शरीराचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे २,१०,००० जूल पुरतात. म्हणजे ही उष्णता आतच राहिली तर तासाभरात तापमान जवळजवळ ४ अंशांनी चढेल. ४१ अंशांचा ताप किती घातक, हे सांगायला नको.

त्याला वाचवतो तो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. वरच्या उदाहरणात साधारण एक तृतीयांश लिटर घाम वाळायला हवा. ‘वाळायला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दमट हवेत घाम नुसताच निथळतो, वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणून दमट उन्हाळ्यात खेळताना किंवा कष्ट करताना सावली, विश्रांती आणि पाणी यांची हयगय करू नका.

आता तुमच्यासाठी एक गणित. ५० किलोग्रॅम वजनाची विद्यार्थिनी जिन्याने १२ मीटर उंच चढली. कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर तयार झालेली उष्णता घालवायला किती घाम वाळावा लागेल? उत्तर ७ ग्रॅमच्या थोडे पुढे आले, तर तुमची रीत बरोबर आहे.