ई-मेलच्या पत्त्याची उजवी बाजू

टपालाच्या पत्त्यात पिनकोड लिहिण्याची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली. पत्रावर ४०३००१ हा आकडा दिसला की पहिल्या तीन अंकांवरून ते गोव्याचे आहे व शेवटच्या तीन अंकांवरून पणजीच्या टपाल कार्यालयाचे आहे, हे छाननी करणाऱ्यास कळते. पत्र घेणाऱ्याचे नाव वाचण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. ई-मेलच्या पत्त्यातही हेच तत्त्व आहे. ते समजून घेतल्यास ग्रामपंचायत, शाळा व कार्यालये यांच्या अनेक अडचणी दूर होतील.

ई-मेलच्या पत्त्यात ‘@’ या चिन्हाच्या डावीकडे वापरणाऱ्याचे नाव असते, तर उजवीकडे ज्या संस्थेकडे त्याची पेटी आहे तिचे क्षेत्रनाम, म्हणजे ‘डोमेन’ असते. हे चिन्ह १९७१ मध्ये अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन यांनी योजिले. आज रूढ असलेली क्षेत्रनामांची व्यवस्था १९८३ मध्ये मांडली गेली. क्षेत्रनाम उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते. ‘गोवा.गव्ह.इन’ यात ‘इन’ म्हणजे भारत, ‘गव्ह’ म्हणजे शासन आणि ‘गोवा’ म्हणजे राज्य.

संगणकावर ई-मेलचे खाते प्रथम उघडताना पत्रे आणणाऱ्या व पाठविणाऱ्या सर्व्हरांची नावे, त्यांचे पोर्ट क्रमांक (बहुधा ९९३ व ५८७) आणि सुरक्षिततेचा प्रकार ही माहिती द्यावी लागते. सामान्य माणसास ती पाठ नसते. म्हणून थंडरबर्डसारखी आज्ञावली पत्त्यातील क्षेत्रनाम वेगळे काढते आणि त्या क्षेत्राने आपली माहिती कोठे प्रसिद्ध केली आहे काय, ते पाहते. तेथे न मिळाल्यास आपल्याकडील सामायिक नोंदवही चाळते आणि तरीही न मिळाल्यास नेहमीच्या नावांवरून अंदाज बांधते. क्षेत्रनामात एक टिंब जरी चुकले तरी हा सारा शोध भलत्याच दारी जातो. परवलीचा शब्द बरोबर असूनही खाते उघडत नाही, त्याचे कारण कित्येकदा हेच असते.

सर्व्हरच्या बाजूसही निवड अशीच होते. एकच सर्व्हर अनेक संस्थांची पत्रे सांभाळतो. ‘मुख्याध्यापक’ या नावाची पेटी दोन शाळांत असू शकते. आज्ञावलीने केवळ नाव पाहिले तर एका शाळेची पत्रे दुसरीस मिळतील. यास्तव नाव व क्षेत्र मिळूनच ओळख धरली जाते. नको असलेली पत्रे गाळणाऱ्या ‘स्पॅमअसॅसिन’ या आज्ञावलीत नियमांच्या तीन पायऱ्या ठेवता येतात : सर्वांसाठी, एका क्षेत्रासाठी आणि एका व्यक्तीसाठी. तशी मांडणी केल्यास नंतरची पायरी आधीच्या पायरीस बाजूला सारते. त्यामुळे शाळेने आपल्या क्षेत्रासाठी एकदा ठरविलेला नियम प्रत्येक शिक्षकास आपोआप लागू होतो आणि एखाद्यास वेगळी गरज असेल तर तीही सांभाळता येते. मात्र क्षेत्राच्या पायरीवर झालेली चूक त्या क्षेत्रातील सर्वांना भोवते. म्हणून असा बदल प्रथम एकाच पेटीवर तपासून मगच सर्वांना लागू करणे श्रेयस्कर.

उजवीकडून वाचण्याची सवय फसवणुकीपासूनही बचाव करते. एखाद्या पत्त्यात ‘गोवा.गव्ह.इन’ ही अक्षरे असूनही त्यांच्या उजवीकडे आणखी एखादे नाव जोडलेले असेल, तर तो पत्ता शासनाचा नसून त्या शेवटच्या नावाच्या मालकाचा असतो. ‘गव्ह’ व ‘इन’ यांमधील टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल, तरीही तो पत्ता परकाच समजावा. पाठविणाऱ्याचा पत्ता बनावटपणे लिहिता येतो, हेही ध्यानी ठेवावे. अनुदान, निवृत्तिवेतन वा परीक्षेसंबंधी आलेल्या पत्रात परवलीचा शब्द किंवा बँकेचा तपशील मागितला असेल, तर पत्ता बरोबर दिसला तरी तो देऊ नये; संबंधित कार्यालयात प्रत्यक्ष अथवा दूरध्वनीने खातरजमा करावी.

प्रत्येक कार्यालयाने व शाळेने आपले क्षेत्रनाम, दोन्ही सर्व्हरांची नावे व पोर्ट क्रमांक एका कागदावर अचूक लिहून संगणकाजवळ लावावेत. परवलीचा शब्द मात्र त्या कागदावर कदापि लिहू नये.