पाणचक्की: डोंगरातल्या पाण्यावर दळलेले पीठ

जुळे सोलापुरात ज्वारीचे दळण आठवड्यापुरतेच आणतात. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. ज्वारी खाणाऱ्या मुलखात घरोघरी जाते असायचे, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते. युरोपात चित्र वेगळे होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळ वाइसेरिट्झ नदीवर सॅक्सनीच्या राजदरबाराची मोठी गिरणी होती आणि ठरावीक गावांनी तिथेच दळण द्यावे असा दंडक होता. दळणावळ धान्यातूनच कापली जाई.

दरबाराच्या आश्रयाने उभी राहिलेली गिरणी आपल्याकडेही आहे. ती म्हणजे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या शतकाच्या मध्यापर्यंत वाढत गेला. निजामाचा सरदार तुर्कताज खान याचा त्यात मोठा वाटा. इथले पीठ फकीर, यात्रेकरू आणि विद्यार्थ्यांच्या पोटी जाई. एवढ्या तोंडांना हातजाती कुठून पुरणार?

खरी करामत चक्कीत नाही, नहरीत आहे. उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून काही किलोमीटर आणले. वाटेत उंची वाया जाऊ दिली नाही, कारण पाण्याची ताकद उंचीतच असते. शेवटी ते उंचावरून खाली सोडले. धार आडव्या चक्राच्या पात्यांवर आदळते, चक्राचा उभा दांडा थेट वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चाके नाहीत, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नाही. तळी गुळगुळीत झाली की टाकी लावायची, एवढीच देखभाल.

हिशेब करून पाहा. समजा, सेकंदाला 20 लिटर पाणी 6 मीटरवरून पडते. 20 × 9.8 × 6 म्हणजे सुमारे 1,176 वॅट, दीड अश्वशक्ती. घर्षणात निम्मी गेली तरी उरलेली ताकद आजच्या घरघंटीच्या मोटरजवळ जाते. फरक इतकाच की पाणी रात्रंदिवस, बिनखर्चाचे वाहते.

तिथे गेलात तर हौदापाशी फोटो काढून परतू नका. चक्कीच्या खोलीतले चक्र आवर्जून पाहा. आणि शहराने ही नहर जपावी. पाणी आटले तर पाणचक्की म्हणजे नुसते दोन दगड.