विश्लेषण : शून्यापासून सुरू न होणारे आलेख दिशाभूल करतात का?

निवडणूक असो, शेअर बाजार असो वा साथीचा आजार, आकडेवारी हल्ली वाचली कमी आणि पाहिली जास्त जाते. फोनवर आलेला आलेख दोन-तीन सेकंदांत नजरेखालून जातो आणि लक्षात राहते ती स्तंभांची उंची. पण ही उंची खऱ्या आकड्यांशी जुळतेच असे नाही. कारण अनेक आलेखांचा उभा अक्ष शून्यापासून सुरूच होत नाही.

अक्ष छाटणे म्हणजे काय?

उभ्या अक्षावरील आकडे शून्याऐवजी मधूनच सुरू केले, की अक्ष छाटला जातो. समजा, एका शाळेचा निकाल ९२ टक्के आणि दुसरीचा ९६ टक्के लागला. अक्ष ९० पासून सुरू केला तर पहिल्या शाळेचा स्तंभ २ एककांचा आणि दुसरीचा ६ एककांचा होतो. फरक चार टक्क्यांचा, पण डोळ्यांना दिसतो तिपटीचा. आकडा एकही खोटा नसतो, म्हणूनच ही चलाखी पकडणे अवघड जाते. डॅरेल हफ यांनी १९५४ मधील ‘हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ या पुस्तकात ती उघड केली होती. ती आजही सर्रास वापरली जाते.

गाजलेले उदाहरण कोणते?

अमेरिकेत २०१२ मध्ये बुश यांच्या काळातील करसवलती संपण्याच्या बेतात होत्या. त्या संपल्यास प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ३५ टक्क्यांवरून ३९.६ टक्के होणार होता. ‘फॉक्स न्यूज’ने दाखवलेल्या स्तंभालेखात अक्ष ३४ पासून सुरू होत होता. त्यामुळे नव्या दराचा स्तंभ जुन्याच्या साडेपाच पटींहून उंच दिसला. प्रत्यक्षात वाढ होती सुमारे १३ टक्के.

अशी अतिशयोक्ती मोजताही येते. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्ये त्यासाठी ‘लाय फॅक्टर’ म्हणजे ‘असत्य गुणांक’ सुचवला. चित्रात दिसणाऱ्या वाढीला खऱ्या वाढीने भागायचे. उत्तर १ आले तर आलेख प्रामाणिक. करदराच्या या आलेखाला हे सूत्र लावले तर उत्तर येते ३५!

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच प्रयोगांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. अक्ष छाटलेला स्तंभालेख पाहून ८३.५ टक्के सहभागींना फरक प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटला. छाटलेल्या अक्षाने काय होते हे आधी समजावून सांगितल्यावरही परिणाम पूर्णपणे गेला नाही. आलेख वाचण्याचे कौशल्य चांगले असणारेही सुटले नाहीत. संख्यात्मक विषयांत पीएचडी करणारे विद्यार्थी मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांपेक्षा किंचित सावध निघाले, इतकेच.

शाळेत आयतालेख काढताना अक्षावर नागमोडी ‘अक्षसंकोच’ खूण करायला शिकवतात. अशा खुणेने फसगत टळते का, हे २०२० मधील एका अभ्यासात तपासले गेले. अक्ष तुटल्याची खूण असूनही पाहणाऱ्यांना फरक मोठाच वाटला. कारण नजर आधी उंचीचा अंदाज घेते, खूण नंतर दिसते.

मग प्रत्येक आलेख शून्यापासूनच हवा का?

नाही. स्तंभालेखात लांबी हेच माप असते. स्तंभ खालून कापला की मापच बिघडते, म्हणून तिथे शून्य हवेच. रेषालेखात मात्र चढउतार महत्त्वाचा. तापाच्या रुग्णाचा तक्ता शून्य अंश फॅरेनहाइटपासून काढला तर ९८.६ आणि १०३ मधला फरक जेमतेम दिसेल, आणि डॉक्टरांसाठी तोच फरक निर्णायक असतो.

शून्याच्या आग्रहानेही दिशाभूल करता येते. अमेरिकेतील ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने २०१५ मध्ये जागतिक सरासरी तापमानाचा आलेख उणे १० ते ११० अंश फॅरेनहाइट अशा अक्षावर दाखवला. रेषा जवळपास सपाट दिसली आणि तापमानवाढ झालीच नाही असा भास झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेली सुमारे एक अंश सेल्सिअसची वाढ त्यात दडून गेली. म्हणजे प्रश्न केवळ शून्याचा नाही. जो फरक खरोखर महत्त्वाचा आहे तो जेवढ्यास तेवढा दिसतो का, हा आहे.

फोनवर आलेख पाहताना काय तपासावे?

सर्वांत आधी उभ्या अक्षावरचा सर्वांत खालचा आकडा पाहावा. स्तंभालेखात तो शून्य नसेल तर स्तंभांची उंची विसरून थेट आकड्यांची तुलना करावी. अक्षावर आकडेच नसतील तर असा आलेख पुढे पाठवू नये.

गुंतवणूकदारांनी विशेष सावध राहावे. शेअर बाजाराच्या अॅपमधील दिवसभराचा आलेख त्या दिवसाच्या उच्चांक-नीचांकानुसार आपोआप ताणला जातो. समजा, सेन्सेक्स ८०,००० वरून ७९,२०० वर आला. अक्ष ७९,००० ते ८०,२०० असेल, तर रेषा दोन तृतीयांश पडदा खाली कोसळलेली दिसते. घसरण असते एक टक्क्याची. त्यामुळे विक्रीचे बटण दाबण्यापूर्वी रेषेपेक्षा टक्केवारीकडे पाहिलेले बरे.