तीळ राहू दे

स्थळासाठी फोटो काढायला मुलगी एकटी येत नाही. सोबत आई असते, बहुतेक वेळा मावशी किंवा मोठी वहिनीही असते. मुलगी पडद्याआड साडीच्या निऱ्या नीट करत असते तेवढ्यात आई काउंटरशी येते आणि आवाज खाली आणून सांगते, "काका, जरा उजळ काढा हं." बार्शीतल्या ज्या जुन्या स्टुडिओत मी टचिंग शिकायला जाऊन बसायचो, तिथे हे वाक्य सतत कानावर पडे. स्टुडिओच्या मालकांना सगळेच काका म्हणतात. ते आईला हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. म्हणायचे, "वहिनी, आधी तिला तोंड धुऊन येऊ द्या."

तोंड धुण्याला कारण आहे. घरून निघताना पावडर लावलेली असते. एरवी ती फारशी जाणवत नाही, पण फ्लॅशचा उजेड पडला की तिचा थर राखट पांढरा उमटतो आणि मान मूळ रंगाची राहते. असा फोटो कॉम्प्युटरवर निस्तरायला अर्धा तास जातो, पाण्याने ते काम दोन मिनिटांत होतं. तेलकट कपाळाचीही तीच गोष्ट. डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक आकडा असतो, 0 ते 255. कपाळ चकाकलं आणि तिन्ही आकडे 255ला टेकले की तिथे त्वचेची काही नोंदच उरत नाही. सावलीत दडलेलं थोडंफार वर आणता येतं, पण पांढरं होऊन गेलेलं परत येत नाही. म्हणून काका टिश्यू पेपर देतात आणि कपाळावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना दाबायला सांगतात. घासायचा नाही, नुसता दाबायचा.

टचिंगचं निम्मं काम कॅमेऱ्याला हात लावण्याआधीच होतं, हे माझं मत तिथे बसूनच बनलं.

मग स्टूल. ते मागच्या पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे असतं, म्हणजे माणसाची सावली पडद्यावर पडत नाही. कॅमेरा स्टुलापासून साधारण सात फुटांवर. या अंतराबद्दल काका फार काटेकोर आहेत आणि मला ते पटतं. हातभर अंतरावर मोबाईल धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं, आणि लोक दोष नाकाला देतात. नाकाचा शेंडा लेन्सपासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर कान साधारण 42 सेंटिमीटरवर असतात. म्हणजे कानांच्या मानाने नाक 1.4 पट मोठं उमटणार. तोच चेहरा दीड मीटरवर नेला तर अंतरं 150 आणि 162 होतात आणि फरक जेमतेम आठ टक्क्यांचा राहतो. कॉम्प्युटरवर 'लिक्विफाय' वापरून नाक बारीक करून देणारे आहेत. कॅमेरा घेऊन चार पावलं मागे सरकलं तर त्याची गरजच पडत नाही.

कॉलेजातली मुलं मधूनच येऊन विचारतात, "काका, कोणता कॅमेरा घेऊ?" काका उलट विचारतात, "प्रिंट केवढी काढणार?" प्रश्न बरोबर आहे. चांगल्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके लागतात. चार बाय सहाच्या प्रिंटला 1200 गुणिले 1800, म्हणजे 21 लाख 60 हजार ठिपके पुरतात. लग्नाच्या अल्बमातल्या बारा बाय अठराच्या पानालाही 3600 गुणिले 5400, म्हणजे दोन कोटींच्या आतच. 24 मेगापिक्सेलचा कोणताही कॅमेरा, मग तो वापरलेला का असेना, एवढं देतो. त्यापुढच्या मेगापिक्सेलवर नवशिक्याने पैसे घालवू नयेत. उरलेले पैसे 50 मिलिमीटर, एफ 1.8च्या लेन्सला द्यावेत. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा (फुल फ्रेमचा 36 बाय 24). त्यावर ही लेन्स 75 ते 80 मिलिमीटरसारखी चालते आणि चेहऱ्यासाठी योग्य अंतरावर उभं राहायला भाग पाडते.

जुनी लेन्स घेताना एक खुबी माहीत हवी. निकॉनच्या डी 3500 सारख्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी 'एएफ' लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. मोटर लेन्समध्येच असलेली 'एएफ-एस' मागून घ्यावी. हे दुकानदार सांगेलच असं नाही. वापरलेल्या बॉडीचं शटर किती वेळा उडालंय तेही विचारावं. सुरुवातीच्या श्रेणीतल्या अनेक कॅमेऱ्यांचं शटर लाखभर उघडझापांसाठी तपासलेलं असतं. आणि सोबत आलेली 18-55 लेन्स कमी प्रतीची समजून बाजूला टाकू नये. स्टुडिओच्या फ्लॅशवर एफ 8 ला काढलेल्या दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर कोणती कुठल्या लेन्सची हे ओळखणं अवघड जातं.

काकांची मांडणी ठरलेली आहे: आयएसओ 100, एफ 8, शटर सेकंदाचा 125वा भाग. मेहनत उजेडावर होते. कापड लावलेला मोठा सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत जवळ आणलेला. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता. उजेडाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. कॅमेऱ्यावरचा उघडा छोटा फ्लॅश प्रत्येक पुळीला तिची स्वतःची सावली देतो, आणि ती पुळी मग कॉम्प्युटरवर शोधून काढावी लागते. स्टुडिओ नसेल तर थेट ऊन न येणारी खिडकी हाच सॉफ्टबॉक्स. माणसाला तिच्याजवळ बसवावं, चेहरा अर्धवट खिडकीकडे वळवावा, घरातले दिवे बंद करावेत. ट्यूबलाइट आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की चेहऱ्याचे दोन गाल दोन रंगांचे होतात आणि ते नीट करणं भल्याभल्यांना जड जातं.

रंग आणखी एका वाटेने शिरतो. आई काळजीने मुलीच्या अगदी शेजारी उभी असते आणि तिची साडी असते राणी रंगाची. सॉफ्टबॉक्सचा उजेड साडीवर आपटून मुलीच्या गालावर गुलाबी छटा टाकतो. काका म्हणतात, "वहिनी, तुम्ही इकडे माझ्या मागे या. ती तुमच्याकडे बघून हसेल." मुलगी खरंच हसते, आणि गालावरचा रंगही जातो. "बाळ, खांदे सैल सोड. हनुवटी जरा पुढे आणि थोडी खाली." पहिल्या फोटोत मुलीच्या हातात करड्या रंगाचं कार्ड असतं. नंतर कॉम्प्युटरवर त्या करड्यावर टिचकी मारली की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात.

आता 'उजळ'ची गोष्ट. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असावं, असं धरून चालतो. मागे पांढरी भिंत असली की उजेड फार झाला असं मानून तो सगळं दृश्य काळवंडवतो, आणि सावळा चेहरा त्यात बुडतो. आईने लेकीचे फोटो वर्षानुवर्षं असेच पाहिलेले असतात: शाळेच्या भिंतीपुढचे, मांडवातल्या झगमगाटापुढचे. रंगीत फिल्मच्या काळात तर कोडॅकने लॅबना पाठवलेल्या 'शर्ली कार्डां'वर, ज्यांच्यावरून प्रिंटचे रंग जुळवले जात, अनेक वर्षं गोरी बाईच असे. सावळ्या त्वचेचा विचार त्या मापात नव्हताच. काका कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबत नाहीत. उजेड चेहऱ्यावर मोजतात, आणि सावळ्या गालावर, कपाळाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांडीवर सॉफ्टबॉक्सची मऊ चमक येईल असा दिवा फिरवतात. त्या चमकेतूनच सावळ्या चेहऱ्याला आकार येतो. स्क्रीनवर पहिला फोटो उमटल्यावर अनेक आया पुन्हा 'उजळ' म्हणत नाहीत, हे मी पाहिलं आहे. चेहऱ्यावर उजेडच नव्हता, तो आता आला. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले चेहरे पाहतानाही मी आधी उजेड कुठून आलाय ते शोधतो; शिकणाऱ्याने तसंच पाहावं.

मग कॉम्प्युटर. फोटो 'रॉ'मध्ये काढलेला असतो. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये 256. त्यामुळे उजेड थोडा वरखाली केला तरी गालावर पट्टे उठत नाहीत. काका फोटो शंभर टक्के मोठा करून पाहतात, त्याहून मोठा करत नाहीत. तीनशे टक्क्यांवर प्रत्येक छिद्र खड्डा वाटतं आणि हात थांबत नाही. मूळ चित्रावर कधीच काम करायचं नाही. वर एक रिकामा लेयर घ्यायचा, सगळं त्याच्यावर.

फोटोशॉपमध्ये 2002 साली आलेला हीलिंग ब्रश हे या कामाचं मुख्य हत्यार. क्लोन स्टॅम्प एका जागेचा तुकडा दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवतो. हीलिंग ब्रश शेजारच्या जागेचा पोत उचलतो आणि रंग-उजेड मात्र जिथे डाग आहे तिथला ठेवतो. रफूगर त्याच कापडाच्या कडेचा धागा काढून भोक बुजवतो, तसं हे काम आहे. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा हवा आणि धागा जवळचाच घ्यायला हवा. कपाळावरची पुळी हनुवटीच्या त्वचेने झाकली तर पोत वेगळा पडतो आणि तिथे काहीतरी केलंय हे कळतं. डोळ्यांखालची वर्तुळं काका पुरती पुसत नाहीत. तो लेयर अर्ध्यावर आणून ठेवतात, कारण तिथे हाडाची खोबण आहे आणि ती गेली की डोळे सपाट दिसतात. दातांचा पिवळेपणा थोडा कमी करतात, पांढरा रंग भरत नाहीत. चेहऱ्यावर आलेला केसांचा पुंजका हटवतात, एकेक सुटा केस राहू देतात. सगळ्यात जास्त वेळ जातो तो गालावरच्या उजेडाचे चढउतार बारीक ब्रशने सारखे करण्यात. त्वचेची छिद्रं जशीच्या तशी राहतात आणि चेहरा शांत होतो. सगळ्या चेहऱ्यावर एकदम ब्लर ओढला तर हे दहा सेकंदांत झाल्यासारखं वाटतं. मोबाईलवर खपूनही जातं. बारा बाय अठराच्या प्रिंटवर मात्र पापण्या धारदार आणि गाल गुळगुळीत असा विचित्र मेळ दिसतो.

काकांच्या वडिलांनी हेच काम शिसपेन्सिलीने केलं. खालून उजेड येणाऱ्या उतरत्या मेजावर निगेटिव्ह ठेवायची आणि सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेल्या टोकाने तिच्यावर बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटवर ती जागा फिकी येते. म्हणजे पेन्सिलीने फक्त उजळ करता येत असे. गडद करायचं तर पात्याने निगेटिव्हचा थर खरवडावा लागे आणि त्यात चूक झाली तर निगेटिव्हच गेली. मागे फिरण्याची सोय नसल्याने हात आपोआप आवरता राही. आता दोन कळा दाबून मागे येता येतं, त्यामुळे आवर आपला आपण घालायचा आहे.

एका दुपारी अशीच एक मुलगी आईसोबत स्क्रीनपुढे बसली होती. हनुवटीवरची पुळी गेली. तिच्या वर, ओठाजवळ तीळ होता. आई म्हणाली, "एवढा तीळ काढता का हो काका?"

"वहिनी, पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते मी काढतो. तीळ जाणार नाही."

आई पुढे काही बोलण्याआधीच मुलगी म्हणाली, "राहू दे ना आई. आजीलापण आहे तिथेच."

पंधरा दिवसांचा हा नियम मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. पुळी, ओरखडा, जागरणाची छाया, फुटलेला ओठ जातात. तीळ, व्रण, सुरकुती आणि कातडीचा रंग राहतात. त्यांवरूनच माणूस ओळखला जातो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोत चेहऱ्यात फेरफार चालतच नाही. स्थळाच्या फोटोला कायदा नाही, पण तिथे जास्त जपायला हवं असं मी म्हणेन. दोन छटा गोरा केलेला फोटो बघून पाहुणे येतात, आणि फोटो नि मुलगी यांचा मेळ लागला नाही की कुजबुज तिलाच ऐकावी लागते. टचिंगवाल्याला कोणी काही विचारत नाही. नियम पाळल्याने गिऱ्हाईक जातंही. "समोरच्या गल्लीत करून देतात," म्हणत उठलेली माणसं मी पाहिली आहेत. काका त्यांना काढलेल्या फोटोची फाइल देतात, टचिंगचे पैसे घेत नाहीत.

हे काम शिकायचं असेल तर महागडं सॉफ्टवेअर नको; डार्कटेबल आणि गिंप ही दोन्ही फुकट मिळतात आणि वर सांगितलेलं सगळं त्यांत करता येतं. मोबाईलने फोटो काढणार असाल तर आधी त्यातला ब्यूटी मोड बंद करा. सरावाची सुरुवात तरण्या, नितळ चेहऱ्यावर करू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, खिडकीशी बसवा, चार फोटो काढा आणि एक निवडून तो त्यांच्या शेजारी बसूनच टच करा. काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे त्यांना ठरवू द्या. मग आठ बाय बाराची प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या, आणि मूळ रॉ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.