धक्क्याचा हिशेब

27 सप्टेंबर 2022 च्या पहाटे नासाच्या डार्ट यानाचा कॅमेरा सेकंदाला एक चित्र धाडत होता आणि मी थेट प्रक्षेपणाला डोळे लावून बसलो होतो. डिडिमॉस हा लघुग्रह आणि त्याचा जेमतेम 160 मीटरचा उपग्रह डायमॉर्फोस, हे दोघे बराच वेळ मिळून एकच ठिपका होते. मग धाकटा वेगळा दिसू लागला, थोरला चौकटीबाहेर गेला आणि पडदाभर दगडच दगड झाले. शेवटचं चित्र पुरतं पोहोचलंच नाही; लघुग्रहाची वाट बदलता येते का हे पाहायला यान ठरवून डायमॉर्फोसवर आदळलं होतं. भारतात तेव्हा 4 वाजून 44 मिनिटं झाली होती.

शेवटचे चार तास यानाने आपला मार्ग आपणच धरला होता. एक कोटी किलोमीटरहून दूरचा संदेश यायलाच अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. सेकंदाला सहा किलोमीटरने धावणाऱ्या यानाला इथून हाकणार कसं?

धडक जगाने पाहिली. मला जास्त मोलाचं वाटतं ते नंतरचं, रात्र रात्र चाललेलं मोजमाप. दुर्बिणीतून ही जोडी एकच ठिपका दिसते. एक दुसऱ्याच्या आड गेला की ठिपका किंचित मंदावतो, आणि अशा मंदावण्यांमधल्या अंतरावरून फेरीचा वेळ काढतात. आधी फेरी 11 तास 55 मिनिटांची होती. ती 73 सेकंदांनी घटली तरी मोहीम यशस्वी मानायची, असं ठरलं होतं. घटली ती अर्ध्या तासाहून जास्त! धडकेने उडालेल्या दगडधोंड्यांनी उलट रेटा दिला होता, आणि तो खुद्द यानाच्या धक्क्याहून मोठा निघाला.

तरीही डायमॉर्फोसच्या वेगात फरक पडला तो सेकंदाला तीन मिलिमीटरहूनही कमी. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण वेळ हाताशी असेल तर एवढ्याशा फरकातूनही काम होतं. पृथ्वीकडे येणाऱ्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला एक सेंटीमीटरने बदलला, तर ढोबळ हिशेबाने 20 वर्षांत तो सुमारे 6,300 किलोमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका.

डायमॉर्फोसचं वस्तुमान नेमकं मोजायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर 2024 मध्ये निघालं. त्याशिवाय रेट्याचा हिशेब पक्का होत नाही. पण त्याही आधी लघुग्रह दिसायला हवा. 2013 साली रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला, सुमारे 20 मीटरचा दगड सूर्याच्या बाजूने आला आणि कुणाच्याच नजरेस पडला नाही. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. असे दगड त्यांच्या उष्णतेवरून हुडकणारी निओ सर्व्हेयर ही अवकाश दुर्बीण नासाने हाती घेतली आहे.